कूलरमधला खुनी

धुळ्यात उन्हाळा लागला हे मला वासावरून कळतं. एप्रिलच्या सुरुवातीला रस्त्याच्या कडेने पत्र्याचे कूलर मांडले जातात. जाळ्यांत नवंकोरं गवत भरलेलं असतं. गिऱ्हाईक थांबावं म्हणून दुकानदार एक कूलर पाणी मारून चालू ठेवतो. ओल्या लाकडी गवताचा गार वास सायकलवरच्या माणसालाही गाठतो. लोक मुद्दाम त्याच्यासमोरून जातात, शर्टाची वरची दोन बटणं सोडून मिनिटभर उभे राहतात आणि 'किती हो?' असं उगाच विचारतात. मी दुकानाच्या आधीच रस्ता ओलांडतो आणि उन्हातल्या बाजूने चालतो.

माझ्या घरात छताचा पंखा आहे, तेवढाच. शाळेतले सहकारी चेष्टा करतात, 'मास्तर, पगार काय लोणच्यात घालून ठेवता?' मीही हसतो. हसायला मला काही त्रास होत नाही. मला तसा कशाचाच फारसा त्रास होत नाही, हीच खरी अडचण आहे.

एकदाच सरळ सांगून टाकतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची बायको, सुरेखा, कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली. त्या कूलरची पिन मी बदलली होती. ते तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात भावाने एक भुताचा सिनेमा काढला आणि त्यातला खुनी मला केलं. त्या सिनेमाच्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे, पण लिहायला बसलं की आधीचा उन्हाळा मध्ये येतो. दोन्ही उन्हाळे एकाच घरातले, त्यामुळे ते वेगळे ठेवता येत नाहीत.

आमचं गाव चाळीसगावपासून अर्ध्या तासावर आहे. भाऊ भटू लग्नांचं शूटिंग करतो. मंडपात खुर्चीवर उभा राहून 'नवरदेव, इकडे दखा' असं ओरडणारा तो आमचा भटू. लग्नसराई म्हणजे त्याची सुगी. सुरेखा गेल्यावर त्याने ती सगळी सुगी सोडून दिली. कॅमेरा पेटीत घातला आणि ओट्यावर बसून राहिला. कोणी काही विचारलं तर 'हा' किंवा 'नही', एवढंच. दहाएक महिने आमची माय त्याच्याशी एकटीच बोलत होती आणि त्याच्या वतीने उत्तरंही तीच देत होती.

मग होळी झाली आणि एका दुपारी त्याचा फोन आला. "नाना, मी पिच्चर काढी ऱ्हायनू."

मी विचारलं, कसला पिच्चर. तो म्हणाला, भुताचा. एक खुनी असतो, तो विजेच्या खांबावर चिकटून मरतो, त्याचा जीव तारेत शिरतो आणि तारेतून घराघरात जातो. कधी मिक्सरमध्ये, कधी इस्त्रीत, कधी टीव्हीत. ज्याने बटण दाबलं तो गेला. नावही ठरलं होतं, 'बटनना मांगे कोन?' मग तो म्हणाला, "खुनी तू."

"मी कसाले?"

"तुना तोंडवर काही दिसतच नही, नाना. खुनीना तोंडवर काही दिसाले नको."

मायला विचारलं तर ती म्हणाली, "करू दे त्याले. तो बोली तं ऱ्हायना." तेवढ्यासाठी मी परीक्षा संपल्यावर गावी गेलो. मायने सांगितलं म्हणून गेलो असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे तो मला खुनी म्हणाला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली.

त्या सिनेमाला पैसा नव्हता आणि कोणाला त्याची खंतही नव्हती. रक्त बीट उकळून, त्यात गूळ घालून केलं होतं. रंग फर्स्टक्लास आला, पण गुळामुळे मुंग्या लागल्या. मेलेला माणूस निपचित पडायचा आणि मिनिटभरात पाय झाडायला लागायचा. भटू ओरडायचा, 'तू मरेल शे, हालू नको!' धूर शेणाच्या गोवऱ्यांचा होता, त्यामुळे खुनी यायच्या आधी सगळी गल्ली खोकायची. मिक्सरचं भांडं आपोआप फिरतं असं दाखवायला त्याला मांज्याचा दोरा बांधला होता. तो दोरा पडद्यावर चांगला दिसतो. भटू म्हणाला, दिसू दे, लोकांना दोरा दिसला तरी भीती वाटली पाहिजे.

टीव्हीच्या प्रसंगासाठी जुना डबा टीव्ही आतून रिकामा केला आणि मागून माझं डोकं घातलं. चेहऱ्याला राख फासली होती. बाहेर ऊन इतकं की पत्र्यावर ठेवलेली बादली हाताला चटका द्यायची, आणि टीव्हीच्या आत माझी राख घामाने वाहायची. माय ताक घेऊन आली, टीव्हीत मला बघून थबकली आणि भटूला म्हणाली, "नाना टीव्हीमा दिसी ऱ्हायना. त्याले सांग, आधी जेवी ले." तो शॉट तिच्या आवाजासकट सिनेमात आहे. लोक सगळ्यात जास्त तिथेच हसतात.

गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास जिन्यातून खाली यायचा. मी राख फासून पाणी प्यायला वर गेलो की त्या ओरडायच्या, 'मास्तर, लेकरं घाबरतस ना!' आणि ओल्या कुरडईचा घास माझ्या हातावर ठेवायच्या. खुनी माणूस गच्चीच्या सावलीत उभा राहून चीक खायचा. खाली भटू कोणाला तरी मरायचं कसं ते शिकवत असायचा. त्याचा आवाज पुन्हा मोठा झाला होता. माय जिन्यात बसून नुसता तो आवाज ऐकायची.

मला काही वाटत नव्हतं. याची लाज वाटायची, पण लाजही लांबून आल्यासारखी वाटायची. सुरेखा गेली त्या दिवशी मी धुळ्याहून एसटीने आलो, खांदा दिला, दहाव्याला, तेराव्याला सगळं रीतसर केलं. लोक म्हणाले, नानाने धीर धरला. धीर वगैरे काही नव्हता. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला तर गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं चाललं होतं, एवढंच.

आता ती पिन.

तो कूलर मीच धुळ्याहून आणला होता, टेम्पोत घालून. नव्या सुनेला पहिल्या तीन उन्हाळ्यांत आम्ही घामाशिवाय काही दिलं नव्हतं, म्हणून हौसेने आणला. मधल्या खोलीतला बोर्ड आजोबांच्या काळातला, दोन भोकांचा. कूलरची पिन तीन पायांची. भटू आणि माय त्या दिवशी लग्नाला गेले होते; वायरमनला बोलावू, असं सुरेखा दाराआडून म्हणाली. मी म्हणालो, विज्ञानाचा मास्तर घरात असताना वायरमन कशाला? मी ती पिन कापली आणि दोन पायांची बसवली. तिसरी, हिरवी वायर उरली. ती मागे वळवली आणि काळी टेप गुंडाळली. उद्या चाळीसगावहून बोर्ड आणतो आणि नीट करतो, असं तिला म्हणालो. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायला बोलावणं आलं आणि मी धुळ्याला निघून गेलो.

आमच्याकडे निम्म्या घरांत असंच असतं. कूलर थोडा शॉक देतोच, असं सगळे धरून चालतात. त्यावर उपाय म्हणून कूलरशेजारी रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला असतो. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी सांगतात, 'कूलरला हात लावायचा तर चप्पल घाला.' चौथ्या की पाचव्या दिवशी सुरेखाने मला फोन केला होता. मी तिचा जेठ, माझ्याशी ती एरवी डोक्यावरचा पदर सावरत दोन शब्द बोलायची. म्हणाली, "नानाभाऊ, कूलर चिमटा लेस हो."

मी म्हणालो, "चप्पल घालीसन हात लाव."

आठवीच्या वर्गात अर्थिंगचा धडा मी शिकवतो. हिरवी वायर कशासाठी असते, ती नसेल तर धातूच्या पेटीला हात लावणाऱ्याचं काय होतं, हे मी फळ्यावर आकृती काढून दाखवतो. पोरं आकृती उतरवून घेतात. मी तिला सांगितलं, चप्पल घाल.

त्या दिवशी तिने फरशी पुसली होती आणि चपला धुऊन अंगणात वाळत घातल्या होत्या. कूलर चालू ठेवूनच ती नळीने पाणी भरत होती, कारण त्या उकाड्यात तो कोण बंद करतो? नंतर वीजवाल्यांचा माणूस चौकशीला आला. त्याने वायर हातात घेतली, टेप बघितली आणि विचारलं, "ही पिन कोणी बसवली?" भटू भिंतीला टेकून बसला होता, त्याला कोणाचंच काही ऐकू जात नव्हतं. मी म्हणालो, "दुकानातूनच तशी आली असेल." त्या माणसाने मान हलवली आणि लिहून घेतलं.

हे एक वाक्य मी बोललो. बाकी चूक म्हणता येईल. हे वाक्य चूक नव्हतं, खोटं होतं.

सिनेमातला शेवटचा खून कूलरमधला होता. मला वाटलं होतं भटू कोणाचा तरी कूलर मागून आणेल. त्याने गोठ्यातल्या पोत्यांखालून तोच ओढून काढला. धूळ पुसली, मोटर आणि पंखा काढून टाकला, मागची जाळी उचकटली आणि म्हणाला, "बठ आत." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. शूटिंगच्या वेळी त्याचं तोंड जसं असायचं तसंच होतं, उजेड कुठून येतो ते बघणारं.

मी आत बसलो. गुडघे छातीला लागले. जुनं गवत वाळून त्याची पूड झाली होती, ती नाकात जात होती. समोरच्या पट्ट्यांतून मधली खोली आडव्या फटींतून दिसत होती. तिथली फरशी, तो बोर्ड. बोर्ड आता नवा होता, तीन भोकांचा. तो कधी बसवला हे मला माहीत नव्हतं. सुरेखा उभी होती ती जागा बरोबर माझ्यासमोर होती, आणि तिथे भटूने तिपाईवर कॅमेरा ठेवला होता.

ज्या मुलीचा तो प्रसंग होता ती त्या दुपारी आली नव्हती. तिची वाक्यं नंतर घेऊ, असं म्हणून भटू स्वतःच ती वाचायला लागला. खोलीत आम्ही दोघंच होतो. माय ओसरीवर निजली होती.

भटूने कागदावर बघून वाचलं, "तू कोन शे? तिनी तुनं काय बिघाडं व्हतं?"

माझं वाक्य पाठ होतं. 'मी कोठेच जास नही. मी बठ्ठास्ना घरमा शे. बटन दाबा, मी येस.' म्हणजे मी सगळ्यांच्याच घरात आहे. दहा वेळा घोकलं होतं. तोंड उघडलं आणि ते आलं नाही. जे आलं ते आमच्या घरच्या बोलीत आलं. मी धुळ्यात इतकी वर्षं पुस्तकी मराठी बोलत आलो आहे, पण त्यात हे सांगता आलं नसतं.

"पिन मी बदली," मी म्हणालो. "हिरवी वायर मी जोडी नही. त्यानी इचारं तव्हय मी खोटं बोलनू."

भटू कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघत होता. त्याने मान वर केली नाही. बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर पत्रा वाजला. मग तो म्हणाला, "कट. ओके." आणि थोड्या वेळाने, "नाना, बाहेर ये. पानी पी ले."

मी बाहेर आलो, पाणी प्यालो. त्याने कॅमेरा पिशवीत घातला. मी वाट बघत होतो, आता बोलेल, आता मारेल. त्याला वाटलं का की मी संवाद विसरलो आणि काहीतरी पदरचं बोललो? त्याच्या मनात काय चाललंय ते मला कधीच कळत आलेलं नाही. त्याला कळलंच नसेल तर पुन्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याची गाडी पकडली.

मेच्या शेवटी गावच्या शाळेतल्या एका वर्गात सिनेमा दाखवला. भर दुपारी, खिडक्यांवर गोधड्या टांगून. दारं लावलेली, आत शंभर माणसं, पोरंसोरं, पदराने वारा घेणाऱ्या बाया. घामाचा आणि गोधड्यांचा वास. मिक्सरचा दोरा दिसला तेव्हा लोक हसले, मेलेल्या माणसाने पाय झाडला तेव्हा हसले, मायचा आवाज आला तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. माय तोंडाला पदर लावून लाजत होती. मी दाराजवळ उभा होतो. कूलरचा प्रसंग येणार हे मला माहीत होतं आणि निघून जायला हवं हेही कळत होतं. पाय उचलले नाहीत.

पडद्यावर पट्ट्यांमागे माझं राख फासलेलं तोंड आलं. ओठ हलले. मी काय बोलत होतो ते मला माझ्या ओठांवरून वाचता येत होतं. पण ऐकू आला तो भटूचा आवाज, जाड केलेला: 'मी कोठेच जास नही. मी बठ्ठास्ना घरमा शे. बटन दाबा, मी येस.' त्याने माझा आवाज पुसून त्यावर स्वतःचा बसवला होता. ओठ आधी थांबले, आवाज नंतर थांबला. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तरनं तोंड एक बोलस अन् आवाज दुसराच!" आणि सगळा वर्ग हसून हसून लोळायला लागला.

मीही हसलो. भटू लॅपटॉपजवळ पाठमोरा बसला होता.

म्हणजे त्याने ऐकलं होतं. एकदा नाही, ते पुसायचं म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं असणार. मागे-पुढे करत, नेमकं कुठे सुरू होतं, कुठे संपतं ते बघत. मी तिथून घरी गेलो नाही. उन्हातून सरळ फाट्यावर गेलो आणि गाडीची वाट बघत बसलो.

नंतर तीन आखाजी मी गावाला गेलो नाही. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी, दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर खरबूज आणि आंबे. चुलीतले निखारे काढून त्यांच्यावर तुपाचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. मग घरच्यांनी एकत्र बसून जेवायचं. मी दरवर्षी पेपर तपासायचे आहेत असं कळवायचो आणि एसटीच्या कंडक्टरकडे आंब्यांची पेटी द्यायचो. मायचा फोन यायचा, 'आंबा गोड व्हतात.' भटूचा फोन यायचा नाही.

या वर्षी माय म्हणाली, माझ्या किती आखाजी राहिल्या ते मला माहीत नाही. यावर पेपर तपासायचे आहेत असं सांगता आलं नाही.

घर तसंच आहे. भटू पुन्हा लग्नांना जातो. दुसरं लग्न केलं नाही, कोणी विषय काढला तर उठून जातो. मधल्या खोलीत सुरेखाच्या नावाची घागर मांडली होती, तिला कच्चं सूत गुंडाळलेलं. भटूने आगारी टाकली. तूप निखाऱ्यावर चरचरलं, धूर झाला. माय रस काढायला आत गेली आणि आम्ही दोघं उरलो.

मी म्हणालो, "भटू, कूलरनी पिन मी बदली व्हती."

तो निखाऱ्यांकडे बघत होता. "मी आयकं व्हतं. तव्हयच."

"मंग बोलना का नही?"

"मायले कळतं तं तिले एकच आंडोर ऱ्हाता," तो म्हणाला.

म्हणजे मायला दोन मुलगे राहावेत म्हणून त्याने माझा आवाज पुसला होता. माझ्यासाठी नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी दुखलं, अगदी साधं, अंगाला लागल्यावर दुखतं तसं. मी म्हणालो, "माफ कर रे."

त्याने थोडा विचार केला. भटू विचार न करता काही बोलत नाही, लहानपणापासून नाही.

"नही," तो म्हणाला. "ते मनाकडतून व्हनार नही."

मी उठायला लागलो. कुठे जाणार होतो ते माहीत नव्हतं, बहुतेक फाट्यावर. त्याने पाट सरकवला, माझ्यासमोर ताट मांडलं आणि म्हणाला, "बठ. जेवाले बठ."

माय रसाचं पातेलं घेऊन आली. तिने आमच्या दोघांकडे बघितलं. "दोन्ही भाऊस्ना काय गोटी चालू शेतस?"

"काही नही माय," भटू म्हणाला. "पिच्चरनी गोट."

त्याने मायच्या हातातून पातेलं घेतलं. एक पुरणपोळी वाढली, तिच्यावर तूप, वाटीत रस. मी खाल्लं की तो पुन्हा वाढायचा. मी प्रत्येक घास गिळला. त्या घरात पुरे म्हणायचा हक्क मला उरला नव्हता.